वाढदिवस : देण्याचा आनंद आणि घेण्याची रीत
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय मात्र आमच्या मर्जीवर सोपविला. आम्ही जुने मॅट्रिक. अडतीस वर्षे खडू-फळ्यापाशी काढली. त्यापलीकडचे पांडित्य आमच्यापाशी नाही. म्हणून आम्ही अगदी घरातला विषय निवडला आहे, तो म्हणजे वाढदिवस, आणि त्या दिवशी आपल्या माणसांनी आपल्याला न सांगता-सवरता केलेले कौतुक. वसतिगृह, शिष्यवृत्ती, वधूवर-परिचय असे भारदस्त प्रश्न समोर असताना ह्या पोरखेळाची येथे काय आवश्यकता, असे कोणास वाटेल. परंतु ज्ञाती म्हणजे शेवटी कुटुंबांचाच समुदाय होय. कुटुंबातील माणसे एकमेकांना काय देतात आणि दिलेले कसे घेतात, ह्यावर त्या कुटुंबाचे सौख्य अवलंबून असते. घेण्याच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगण्यासाठीच आज आम्ही उभे आहोत.

वाढदिवस ही साहेबाची चाल, असे आपण पुष्कळदा ऐकतो. ते पूर्णांशाने खरे नाही. मेणबत्त्या आणि केक तिकडून आले, हे मान्य. पण वर्धापनाचा विधी आपल्याकडे फार जुना आहे. त्या दिवशी अभ्यंगस्नान करावे, मार्कंडेयाचे व अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप, परशुराम ह्या सप्तचिरंजीवांचे पूजन करावे, तीळ-गूळ घातलेले दूध प्राशन करावे आणि घरातील सुवासिनींनी औक्षण करावे, अशी रीत आहे. तबकात निरांजन, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी घेऊन आई जेव्हा मुलाच्या मुखावरून ओवाळते, तेव्हा त्या एवढ्याशा तबकात सारे घर उभे असते. साठ वर्षे पुरी झाली की षष्ट्यब्दिपूर्ती. कारण प्रभवापासून क्षयापर्यंतचे साठ संवत्सर एकदा फिरून येतात. पुढे सहस्रचंद्रदर्शन. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा धरून हजार पौर्णिमांचा हिशेब मांडला, तर ८० वर्षे व सुमारे १० महिने येतात. हे त्रैराशिक आम्ही मुलांना घालीत असू, आणि मुले ते घरी जाऊन आपापल्या आजोबांना घालीत.

जुन्या धर्मशास्त्राने ह्या दिवशी काय करू नये, हेही सांगून ठेवले आहे. नखे व केस कापू नयेत, दूरचा प्रवास करू नये, हिंसा करू नये आणि कलह करू नये. हा शेवटचा निषेध आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे. मेणबत्ती विझविणे शुभ की अशुभ, ह्या वादात आम्ही शिरत नाही. आमच्या नातीपुढे आधी निरांजन लागते आणि मग मेणबत्ती विझते. दोन्ही वेळा ती सारखीच हसते.

आता आमच्या पिढीच्या वाढदिवसाची एक गंमत सांगतो. ह्या सभागृहातील साठीच्या पुढच्या मंडळींपैकी ज्यांची जन्मतारीख १ जून आहे, त्यांनी कृपा करून हात वर करावेत. (सभेत हशा. बरेच हात वर होतात.) पाहा, ज्ञातीवर परमेश्वराची कृपा त्या एकाच दिवशी झालेली दिसते! कारण आपण सारे जाणता. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. मुलास सहा वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत, असा नियम होता. बाप म्हणे, "मोठ्या पुरात झाला," किंवा "धाकट्या काकांच्या लग्नानंतरचा." तेव्हा गुरुजी मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानास लागतो का ते पाहत आणि जनरल रजिस्टरात सोयीच्या सालाची १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. आमच्या गुरुजींनी आमची तारीख अशीच १ जून १९५८ लिहिली. त्याच तारखेच्या आधारे आम्ही नोकरी केली आणि ३१ मे २०१६ रोजी सेवानिवृत्त झालो. पाटण आणि कोरेगाव तालुक्यांतील शाळांतून आम्हीही कैक मुलांस ही तारीख बहाल केली आहे. तेव्हा खोट्या वाढदिवसांच्या बाबतीत आम्हांस अधिकाराने बोलता येईल.

आमचा खरा जन्म भाद्रपदातला, गौरी जेवणाच्या दिवशीचा. मातुःश्रींनी हे आमच्या सौभाग्यवतींस सांगून ठेवले होते. १९८२ साली आमचा विवाह झाला, तेव्हापासून एकही वर्ष न चुकता त्या दिवशी, गौरीच्या नैवेद्याच्या एवढ्या धांदलीतही, त्या आम्हांस पाटावर बसवून ओवाळीत असत. आम्ही पाटावर बसत होतो, सुपारी व अंगठी डोक्यावरून फिरत होती, आणि आम्ही मनातल्या मनात शाळेच्या सहामाही परीक्षेचा विचार करीत होतो.

२०१८ च्या भाद्रपदात आम्हांस खरी साठ वर्षे पुरी झाली. गौरीसाठी मुलगा पुण्याहून आणि मुलगी कोल्हापुरातून दर वर्षी येतातच, त्यामुळे आम्हांस कसलाही संशय आला नाही. संध्याकाळी सौभाग्यवतींनी आम्हांस विड्याची पाने आणावयास पिटाळले. परत येऊन पाहतो तो माजघरातले दिवे मालवलेले आणि गौरींपुढे साठ पणत्या तेवत आहेत! मुलाने आरामखुर्ची आणली होती, मुलीने शाल, आणि सात वर्षांच्या नातीने आमचे चित्र काढले होते. चित्रात आमच्या हातात छडी होती. आम्ही कधीही छडी वापरली नाही, असे आम्ही तिला सांगितले. तेव्हा ती म्हणाली, "मग आजोबा, तुम्ही गुरुजी आहात हे लोकांना कळणार कसं?"

सर्वांच्या मागून सौभाग्यवतींनी जुन्या दिनदर्शिकेच्या कागदात बांधलेली एक लहानशी डबी आमच्या हाती दिली. आत आमचे एच.एम.टी. 'जनता' घड्याळ होते. नोकरी लागल्यावर, १९७९ साली, पहिल्या काही पगारांतून शिल्लक टाकून आम्ही ते घेतले होते. रोज सकाळी चावी द्यावी लागे. पुढे ते बंद पडले आणि फडताळातील एका डब्यात वीस वर्षे पडून राहिले. आम्ही ते विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या. नवी काच, नवा पट्टा, आणि कानाशी धरले तर तीच जुनी टिकटिक.

बंधुभगिनींनो, त्या क्षणी मनुष्याने काय बोलावे? आम्ही विचारले, "दुरुस्तीला किती लागले?"

त्या म्हणाल्या, "साडेसहाशे."

आम्ही म्हणालो, "साडेसहाशेत नवे आले असते."

त्या म्हणाल्या, "हो, आलं असतं." आणि ताटे वाढावयास स्वयंपाकघरात गेल्या.

साठ पणत्या तशाच तेवत होत्या. परंतु माजघरातला उजेड कोणीतरी काढून घेतल्यासारखे झाले. मुलगी मान खाली घालून कागदाच्या घड्या करीत बसली. रात्री मुलाने आम्हांस अंगणात नेऊन सांगितले की, भाऊबीजेला मिळालेली ओवाळणी आईने ह्याकरिता बाजूस ठेवली होती. बहिणीकडे जाते असे सांगून ती दोन वेळा एस.टी.ने साताऱ्यास गेली होती. आणि जुना सुटा भाग मिळेना म्हणून घड्याळजीने तिला तीन आठवडे थांबविले होते. वाढदिवशी कलह करू नये, असे शास्त्र सांगते. आम्ही तो एका वाक्यात केला होता, आणि तोही आवाज न चढविता.

आमच्या पिढीतील बहुतेक पुरुषांचा हा दोष आहे, असे आम्हांस वाटते. आम्ही काटकसरीत वाढलो. दिवाळीस एक सदरा आणि शाळा सुरू होताना एक, ह्यावर बालपण गेले. काटकसर हा सद्गुण खरा; पण तो बाजारातला सद्गुण आहे. तोच आपण माजघरात आणतो आणि भेटीचीही किंमत करू लागतो. आहेर आणि भेट ह्यांत भेद आहे. लग्नकार्यातला आहेर वहीत टिपून ठेवतात, कोणाचे पातळ आले, कोणाचे पाकीट आले, आणि वेळ आली म्हणजे त्याची फेड करतात. तो व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हणून चांगलाच आहे. भेटीची वही नसते. देणाऱ्याने तिच्यात पैसा थोडा आणि लक्ष फार घातलेले असते. तुम्हांस काय आवडते, काय हरवले, काय तुम्ही स्वतःही विसरलात, हे त्याने महिनोन्महिने मनात ठेवलेले असते. ज्याला आजची मुले सरप्राईज म्हणतात त्याचे मर्म आम्हांस येथेच दिसते. आपण बेसावध असताना कोणीतरी आपला विचार करीत होते, हे त्या एका क्षणी कळते. त्या वेळी किंमत विचारणे म्हणजे एवढ्या सगळ्या विचारास साडेसहाशे रुपयांत बसविणे होय.

दुसऱ्या दिवशी गौरी विसर्जनाची तयारी चालली असता नातीने विचारले, "आजी, तुझा वाढदिवस कधी असतो गं?"

सौभाग्यवती हसून म्हणाल्या, "मुलींचे कुठे लिहून ठेवायचे तेव्हा! दत्तजयंतीच्या सुमाराची, असं आई म्हणायची."

आम्ही तेथेच वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. दाखल्यावर त्यांचीही तारीख १ जूनच आहे. म्हणजे कागदोपत्री आम्ही उभयता एकाच दिवशी जन्मलो. त्यावर घरात अनेकदा विनोद झाले होते. पण छत्तीस वर्षे ज्या हातांनी आम्हांस ओवाळले, त्या हातांचा जन्मदिवस कोणता, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. शेकडो मुलांच्या जन्मतारखा स्वतःच्या हाताने लिहिणारे आम्ही गुरुजी! त्या दिवशी वर्तमानपत्रात काय छापले होते, ते आम्हांस आठवत नाही.

तेव्हा आम्ही मनाशी एक बेत केला. आपल्यापैकी पुष्कळांनी जातपडताळणीच्या प्रकरणात पणजोबांच्या नोंदी काढण्यासाठी तहसील कचेरीत खेटे घातले असतील. गाव नमुना नंबर १४, म्हणजेच आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो ते, गावातील जन्ममृत्यूंची नोंदवही होय. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम येण्याच्याही पूर्वीपासून ह्या नोंदी होत आल्या आहेत. फार जुन्या असतील तर त्या मोडीत सापडतात. सौभाग्यवतींचे माहेर खटाव तालुक्यातले. आम्ही वडूजला गेलो, अर्ज केला, नकलेची फी भरली. घरी सांगितले की, निवृत्तिवेतनाचे काम आहे. असत्य बोललो, परंतु ह्या कामी असत्याला क्षमा असावी; त्याही बहिणीकडे जाते म्हणूनच साताऱ्यास गेल्या होत्या!

कचेरीतील तरुण कारकुनाने विचारले, "जातीच्या दाखल्यासाठी का, गुरुजी?" आम्ही म्हणालो, "नाही, वाढदिवसासाठी." तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला, आणि मग स्वतः उठून जीर्ण वह्या काढू लागला. काम एका फेरीत झाले नाही. नोंदीत मुलाचे नाव बहुधा नसते. बारशाच्या आधीच वर्दी दिलेली असते. बापाचे नाव, जात, तारीख आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. आमच्या श्वशुरांना तीन मुली. त्यांतील आमची कोणती? वडील मेव्हणीस विश्वासात घेऊन सर्वांच्या वयांचा मेळ घातला, दत्तजयंतीची खूण धरली, आणि तिसऱ्या फेरीस नोंद सापडली. ४ डिसेंबर १९६०. मुलगी.

२०१८ च्या ४ डिसेंबरला मुले काही निमित्त काढून घरी आली. मुलीने आईसाठी हिरवी इरकल साडी आणली. औक्षण मात्र आम्ही केले. तबक कोणत्या बाजूने फिरवावे, हे आयुष्यभर समोर बसूनही आमच्या ध्यानात राहिले नव्हते. नातीने हात धरून ते फिरवून घेतले आणि सर्वांची हसून मुरकुंडी वळली. मग आम्ही ती नक्कल सौभाग्यवतींच्या हाती दिली.

त्यांनी चष्मा लावला आणि ती सावकाश वाचली. म्हणाल्या, "ह्यात माझं नाव नाहीच."

आम्हांस वाटले, आपला बेत फसला. आम्ही नोंदीची पद्धत समजावून देऊ लागलो. पण त्यांचे आमच्याकडे लक्ष नव्हते. त्यांचे वडील त्या पाच वर्षांच्या असताना वारले. घरात त्यांचे छायाचित्रदेखील नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ही वर्दी द्यायला बाबाच गेले असतील. तिसरी मुलगी झाली, तरी जाऊन सांगितलं त्यांनी."

त्यापुढे कोणी काही बोलले नाही. ती नक्कल आमच्या देव्हाऱ्याच्या खणात, पोथीशेजारी ठेवलेली आहे. तिला किती खर्च आला, हे त्यांनी विचारले नाही. ह्याही बाबतीत त्या आमच्यापेक्षा शहाण्या निघाल्या.

हा अनुभव पदरी असल्यामुळे, भेट कशी घ्यावी ह्याविषयी दोन-तीन गोष्टी सांगण्याचे धाडस करतो. पहिली अशी की, किंमत विचारू नये. विचारावयाचीच असेल तर महिन्याने विचारावी. दुसरी, "मला आधीच ठाऊक होते," असे खरे असले तरी म्हणू नये. लहान मुलांचा सारा जीव त्या गुपितात असतो. तिसरी, दिलेली वस्तू वापरावी. भेटीची शाल कपाटात घडीवर ठेवणे हा तिचा मान नव्हे. आणि चौथी सर्वांत महत्त्वाची. ज्याने तुमचा दिवस लक्षात ठेवला, त्याचा दिवस कोणता, हे त्याला विचारावे. ह्याउलट, कर्ज काढून मोठाली सभागृहे घेणे, चौकात स्वतःच्या छबीचे फलक लावणे, ह्यांस आम्ही वाढदिवस म्हणत नाही. त्यात घरचे लोक पाहुण्यांची उठबस करून थकतात आणि ज्याचा वाढदिवस त्याच्याशी बोलावयास कोणास सवड राहत नाही.

थोर माणसांनी तर आपला दिवस दुसऱ्यास देऊन टाकला. डॉ. राधाकृष्णन् ह्यांचा ५ सप्टेंबर हा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षकदिन झाला आणि आम्हां गुरुजनांच्या वाट्यास आला. गुजराती पंचांगाप्रमाणे येणारी गांधीजींची जन्मतिथी त्यांच्या इच्छेनुसार चरख्याच्या नावाने पाळली जाते. कुसुमाग्रजांची २७ फेब्रुवारी आज मराठी भाषा गौरव दिन आहे. आपल्या ऐपतीप्रमाणे आपणही हे करू शकतो. ज्याचा वाढदिवस असेल त्याने त्या दिवशी मंडळाच्या ग्रंथालयास एक पुस्तक द्यावे. वर्षाअखेर एक कपाट भरेल.

आणि मंडळास एक नम्र सूचना करतो. आपल्या ज्ञातिपरिचय-पुस्तिकेत कुटुंबप्रमुखाची जन्मतारीख छापलेली असते. पत्नीच्या नावापुढे मात्र केवळ माहेरचे आडनाव असते. पुढील आवृत्तीत तेथे एक रकाना वाढवावा. आजची बालके भाग्यवान आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांस शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे, तेव्हा १ जूनची आमची परंपरा संपल्यातच जमा आहे. परंतु आपल्या घरोघरी अजून अशा माता, आज्या व मावश्या आहेत, ज्यांचा खरा दिवस कोणी विचारलेला नाही. ज्या वहीतून आपण पणजोबांची जात शोधून काढतो, त्याच वहीत आपल्या आजीचा वाढदिवसही असू शकेल. तेवढ्यासाठी एक खेप अधिक घालावी. नोंद न मिळाली, तर तिलाच विचारून एखादी तिथी ठरवून घ्यावी. तेवढ्यानेही तिचा दिवस होईल.

आमचे बोलणे लांबले. अध्यक्षमहाराजांनी दोन वेळा मनगटावर नजर टाकली, ती आम्ही पाहिली. आमच्याही मनगटावर घड्याळ आहे. रोज सकाळी त्याला चावी द्यावी लागते. चोवीस तासांत ते चार मिनिटे मागे पडते. पण आम्ही ते बदललेले नाही आणि बदलणारही नाही.